सोबतीचे रोजे

९ जानेवारी

दरवर्षी पतसंस्थेकडून एक डायरी मिळते आणि मी तिच्यात गाद्यांची मापं लिहितो. यंदा मापं मागच्या पानांवर लिहीन. पुढची पानं मोकळी ठेवायचं आज ठरवलं, कारण आज बारामतीला जे ऐकलं ते दुकानात बोलण्यासारखं नाही आणि नुसतं मनात ठेवण्यासारखंही नाही.

नसरीनचा आज रोजा होता, म्हणून माझाही होता. पाळीच्या दिवसांत बायकांना नमाज आणि रोजा दोन्ही माफ असतात, पण रमजानमध्ये असे सुटलेले रोजे पुढचा रमजान यायच्या आत भरून द्यावे लागतात. कजा रोजे म्हणतात त्यांना. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एका पहाटे मला जाग आली तर ही स्वयंपाकघरात एकटीच पाटावर बसून चहात चपाती बुडवून खात होती. घर सगळं झोपलेलं. मला ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या कजा रोज्यांना मी सोबत करतो. अम्मा अजून म्हणते, "बायकूचं रोजं नवऱ्यानं धरल्यालं आमच्या सात पिढ्यांत न्हाय." मी म्हणतो, तिचे तीच धरते, मी नुसता सोबतीला असतो.

लग्नाला अकरा वर्षं झाली. मूल नाही. पुण्याला एकदा जाऊन आलो होतो, त्याबद्दल लिहायचं नाही.

बारामतीच्या डॉक्टर सरोजिनीबाईंनी दोघांचे रिपोर्ट समोर ठेवले. माझा ठीक आहे म्हणाल्या. नसरीनला म्हणाल्या, "वय एक्केचाळीस. पाळी मागंपुढं व्हायला लागलीये. मी खोटी आशा देणार नाही. पुण्याला मोठे उपचार करायचे असतील तर आत्ताच."

"पुण्याला न्हाय," नसरीन लगेच म्हणाली.

मग बाईंनी पट्ट्यांचं सांगितलं. बीज सुटायच्या आदल्या दिवशी शरीर एक इशारा देतं, तो लघवीत उतरतो आणि पट्टीवर दिसतो. तोच दिवस आणि दुसरा दिवस, एवढीच काय ती महिन्यातली वेळ. "सहा महिने करून बघा. त्यापुढं मीच तुम्हाला थांबा म्हणेन." आम्ही उठल्यावर परत बोलावून म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. पट्टी रोजच्या रोज गडद यायला लागली तर वाट बघत बसू नका, मला येऊन भेटा. पाळी जायच्या वयात तसं होतं."

पट्ट्या आमच्या गावात, लासुर्ण्यात घेणं शक्य नव्हतं. इथला मेडिकलवाला शिवम, त्याच्या लग्नाच्या गाद्या मीच केल्या. म्हणून बारामतीतल्याच एका मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवर म्हटलं, "पट्ट्या पायजेत."

"कसल्या? शुगरच्या?"

"न्हाय."

"प्रेग्नन्सीच्या?"

"त्येच्या आधीच्या."

त्या माणसानं आतल्या पोराला मोठ्यानं ओरडून इंग्रजी नाव सांगितलं. मागं उभे असलेले एक आजोबा मला म्हणाले, "मला बी तीच द्या म्हनावं, स्वस्त असली तर." मी डबी खिशात घालून बाहेर आलो. नसरीन गाडीजवळ उभी होती. तिला सांगितलं तर रोजा असूनही हसून हसून तिचा पदर खाली आला.

एवढ्या हसण्याबद्दलही अल्लाचा शुक्र.

१८ जानेवारी

पहाटेची फजरची नमाज झाली की अम्मा बराच वेळ तसबीहचे मणी ओढत बसते. तेवढाच वेळ नसरीनला न्हाणीघरात निवांत मिळतो. आज पहिली पट्टी बघितली. तिनं ती ओट्यावर वाटीच्या कडेला ठेवली आणि आम्ही दोघं दूध उतू जाईल म्हणून बघत उभं राहावं तसे उभे राहिलो.

एक रेघ आली. मग तिच्या शेजारी दुसरी. फिकट, पण होती.

"जास्मिनच्या वक्ताला बी दुसरी रेघ अशीच फिकी व्हती," नसरीन म्हणाली. जास्मिन माझी भाची. तिचा मुलगा आता अंगणवाडीत जातो.

मी शुक्र म्हटलं. दुकानात गेलो तर हात हलका चालला.

२६ जानेवारी

रोज पहाटे दुसरी रेघ येते. रोज फिकी. नसरीनला थोडी शंका आहे, म्हणते एकच दिवस म्हणाल्या होत्या बाई, मग रोज कशी? मी म्हटलं, देणारा कधी एकदम देतो, कधी रोज थोडं थोडं देतो. आपण घेत राहायचं.

मानसिंगचा टेम्पो माझ्या दुकानासमोरच लागतो. आज त्यानं विचारलं, "राजूभाई, आठ दिस झालं दुकान अस्ताला बंद करताय. लग्नसराई संपली का काय?"

"तब्येत बरी न्हाय."

"तोंडावरनं तर लई बरी दिसतीया."

१० फेब्रुवारी

आज नसरीननं नमाज पढली नाही. मी काही विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी

सरोजिनीबाईंकडं जाऊन आलो. आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या हसू दाबत होत्या.

"अहो, ही प्रेग्नन्सीची पट्टी नव्हे. तिथं फिकी रेघसुद्धा हो म्हणते. इथं फिकी म्हणजे नाही. दुसरी रेघ पहिलीइतकी गडद, किंवा तिच्यापेक्षा गडद आली तरच हो. आणि पहाटे कशाला करता? दुपारी करा. करायच्या आधी थोडा वेळ पाणी कमी प्या."

म्हणजे आठ दिवस रोज आम्हाला नाही म्हणून सांगितलं जात होतं आणि मी रोज त्याचे आभार मानत होतो.

परतीला निघालो. मागं बसलेली नसरीन हलायला लागली. मला वाटलं रडते आहे. गाडी बाजूला घेतली तर ती हसत होती. "देणारा रोज थोडं थोडं देतो म्हनं!" भवानीनगर येईपर्यंत ती थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. कारखान्याच्या मळीचा वास, समोर उसाच्या बैलगाड्या, आणि माझ्या पाठीवर डोकं टेकून हसणारी माझी बायको. जो आठवडा फुकट गेला असं वाटत होतं तो फुकट गेला नव्हता, असं माझं मत झालं आहे.

२४ फेब्रुवारी

डाळजला एका लग्नाच्या गाद्या, लोड आणि उश्या पोचवायला मानसिंगच्या टेम्पोतून गेलो होतो. माल उतरवून चहा घेत होतो तेवढ्यात नसरीनचा फोन. आवाज दबलेला, म्हणजे अम्मा जवळपास होती.

"अवो, दोन्ही सारख्या हायत."

"काय?"

"दोन्ही! एकसारख्या! एक तर जरा जास्तच!"

मी कप खाली ठेवला. "आलो," म्हटलं.

मानसिंगनं विचारलं, "काय सारख्या?"

"उश्या," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"वैनींनी उश्या सारख्या झाल्या म्हणून फोन केला? आन् तुमी चा तसाच ठिवून उठलाव?"

बाईंनी दोन दिवस सांगितले आहेत, घाई करायचं कारण नव्हतं. पण ते मला लासुर्ण्यात पोचल्यावर आठवलं. वाटेत ट्रॉल्यांच्या मागं ट्रॉल्या. एका जागी उसाची ट्रॉली कलंडलेली, माणसं मोळ्या गोळा करत होती. मी उतरून मोळ्या उचलू लागलो. मानसिंग खिडकीतून ओरडला, "राजूभाई, उश्या कुटं पळून चालल्या न्हाईत!"

रात्री इशाच्या अजानला घरी पोचलो. पुढचं लिहायचं नाही. शुक्र.

१ मार्च

चांद दिसला. उद्या पहिला रोजा.

नसरीननं पट्ट्यांची डबी कपाटात वरच्या फळीवर ठेवली. "ह्या महिन्यात रेघा बघायच्या न्हाईत. ह्यो महिना त्याचा. आपुन बी जरा श्वास घेऊ." मला ते पटलं. रोज एका कागदाच्या तुकड्याला काहीतरी विचारत बसायचं, त्यानं माणूस थकतो.

तिची एक इच्छा आहे. दर रमजानच्या आधी बोलून दाखवते. "एकदा तरी सगळा महिना सलग धरायला मिळावा. मधी तुटू नये." गेल्या वर्षी नेमक्या शबे-कद्रच्या मोठ्या रात्री ती बाजूला बसली होती, सगळ्या घरानं नमाज पढली आणि हिनं पुढच्या दारात सगळ्यांच्या चपला सरळ लावून ठेवल्या. मी आज चांदाकडं बघून मुलाचं काही मागितलं नाही. म्हटलं, यंदा हिला हा महिना सलग मिळू दे.

१५ मार्च

लग्नसराईच्या ऑर्डरी. दुपारी पिंजण्याचं मशीन चालू असताना घशाला कोरड पडते, कापसाची धूळ नाकात बसते. तरी रोजा जड जात नाही.

नसरीनचा एकही सुटलेला नाही. रोज पहाटे सहरीच्या खाण्याला माझ्या आधी उठते.

एक साखरबाई म्हणून आहेत, त्यांच्या नातीसाठी छोटी गादी करून हवी होती. गादी घेऊन जाताना म्हणाल्या, "भाई, तुमच्या हातची गादी आसली म्हंजी पोर रडत न्हाय." मी पैसे घ्यायला विसरलो. त्या परत येऊन देऊन गेल्या.

२२ मार्च

नसरीनला यंदा रोजा लागतो आहे. दुपारी उशिराची असरची नमाज झाली की तिथंच चटईवर आडवी होते. इफ्तारीची भजी अम्मा तळते, कारण तेलाचा वास हिला सहन होत नाही म्हणे. बोलते कमी. नमाजेत हात वर केले की किती तरी वेळ तसेच ठेवते. मी विचारलं, तर म्हणाली, "उन्हाळा हाय न्हवं का."

पण एकही सुटलेला नाही. चांदरातीला मी मागितलं ते त्यानं ऐकलं आहे, याची मला आता खात्री वाटते. तिला अजून बोललो नाही. पुरा महिना होऊ दे, मग सांगेन.

अम्मा हल्ली इफ्तारीच्या वेळी खजूर हातात धरून सुनेकडं टक लावून बघत बसते. वय झालं तिचं.

२८ मार्च

शबे-कद्र झाली. यंदा चपला मी सरळ लावल्या.

३० मार्च

एकोणतिसाव्या रोज्यालाच चांद दिसला. गच्चीवरून खाली पळत आलो आणि नसरीनला म्हटलं, "झाला! सगळा महिना सलग! एक बी तुटला न्हाय! तुला सांगितलं न्हवतं, मी पहिल्या चांदाला ह्येच मागितलं व्हतं."

ती शीरखुर्म्यासाठी खारीक चिरत होती. तिनं विळी बाजूला सारली आणि माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय. कबूल झाली तुमची दुवा." आणि पुन्हा खारीक चिरू लागली.

मला वाटलं होतं ती जास्त खूश होईल. थकली असेल.

३१ मार्च, ईद

आजचं नीट लिहायला हवं.

ईदगाहवरून आलो, गळाभेटी झाल्या, मानसिंग आणि त्याच्या घरचे शीरखुर्मा खाऊन गेले. नसरीन आत भांडी लावत होती. अम्मानं मला खुणेनं पडवीत बोलावलं.

"राजा, तुझ्या बायकूनं यंदा किती रोजं धरलं?"

"सगळं," मी म्हटलं. कौतुकानं म्हटलं.

"आरं येड्या! गादीत किती कापूस मावतोय त्ये तुला डोळं झाकून कळतं, आन् बायकू महिनाभर एक रोजा सोडत न्हाय त्येचा अर्थ कळंना? एक तर ती पोटुशी हाय, न्हायतर तिची पाळी गेली. दोनातलं एक. मी कवाधरनं बघतीया. तोंड उघडंना म्हनून गप बसले. जा, इचार तिला."

मी पडवीतच बसून राहिलो. महिनाभर डोळ्यांसमोर होतं. मी दुवा मागितली आणि मग फक्त दुवेकडंच बघत राहिलो.

आत गेलो. नसरीनला माझ्या चेहऱ्यावरूनच समजलं.

"अम्मानं सांगितलं न्हवं?" ती म्हणाली. "मला म्हाईत हाय. नोव्हेंबरात बी असंच लांबलं व्हतं. तवा मी ती दुसरी पट्टी आणवली, पोराची. एकच रेघ आली आन् दोन दिसांनी पाळी. तुमाला बोलले न्हाय. ती पट्टी पुन्हा बघायची न्हाय, असं तवाच ठरवलं."

"मग आता काय वाटतं?"

"गेली असंल. माझ्या आईची बी लवकर गेली व्हती." भांडं पुसता पुसता बोलत होती. "तुमी किती खूश व्हता. म्हनलं, ईद होऊ दे."

मी कपाटातून डबी काढली. म्हटलं, हीच बघू, घरात हीच तर आहे. तिनं मान हलवली, पण दुपारी बघितली.

दोन्ही रेघा गडद. दुसरी तर पहिलीपेक्षा किती तरी गडद.

मी आनंदानं उभाच राहिलो. म्हणजे काही गेलेलं नाही! म्हणजे आजच तो दिवस, तोही ईदच्या दिवशी! नसरीन पट्टीकडं बघत होती, पण माझ्यासारखी खूश दिसत नव्हती.

२ एप्रिल

काल बघितली. गडद. आज बघितली. तशीच गडद.

आज पट्टी वाटीच्या कडेला ठेवून ती म्हणाली, "बाई काय म्हनल्या व्हत्या, आठवतंय?"

मला कालपासूनच आठवत होतं. रोजच्या रोज गडद यायला लागली तर.

"ही आता रोजच अशी येनार," ती म्हणाली. तिनं डबीचं झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात दिली, जशी दुकानात वापरून झालेली सुई मला देते.

संध्याकाळी पडवीत बसलो होतो. ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, "एक बरं झालं. आता दर वर्साला माझं सगळं रोजं सलग. कजा न्हाई, काय न्हाई. तुमाला बी सोबत करायला नको."

ती हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. आणि तेच मला लागलं. मूल नसण्याची मला सवय आहे, खोटं कशाला लिहू. पण वर्षातल्या त्या काही पहाटा, अम्मा झोपलेली, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, आणि आम्ही दोघं चहा आणि चपाती घेऊन पाटावर बसलेले. अकरा वर्षांत आम्ही एकमेकांशी जे काही खरं बोललो ते बहुतेक त्या पहाटांनाच. तिच्या आईच्या मरणाचं, पुण्याचं, माझ्या भीतीचं. त्या पहाटा तिच्या सुटलेल्या रोज्यांतून आल्या होत्या. ते सुटायचे म्हणून ती रडायची, आणि मला त्यातून एवढं मिळत होतं. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

आज शुक्र म्हणायला जड गेलं. म्हटलं, पण ओठांनीच. हेही लिहून ठेवतो.

उद्या बारामतीला जायचं ठरलं आहे. बाईंनी भेटा म्हटलं होतं.

३ एप्रिल

सकाळीच गाडीवर निघालो. बेलवाडीच्या पुढं नसरीननं फक्त एवढं म्हटलं, "बाईंना सांगा, पट्ट्या उरल्यात, कुणाला लागत असतील तर द्या म्हनावं."

सरोजिनीबाईंनी विचारलं, "गडद किती दिवस येतेय?"

"ईदपासनं रोज," मी म्हटलं.

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी बघितली न्हाय. रमजान व्हता."

"शेवटची पाळी?"

नसरीननं तारीख सांगितली. मी ती तारीख याच डायरीत दुसऱ्या शब्दांत लिहिली होती. बाईंनी बोटांवर हिशेब केला, तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि आणखी काही न विचारता सिस्टरबरोबर आत पाठवलं. थोड्या वेळानं मलाही सोनोग्राफीच्या खोलीत बोलावलं.

मला वाटलं, काय संपलं आहे ते बाई दाखवणार. मी पडद्याकडं न बघता नसरीनकडं बघत होतो. ती छताकडं बघत होती.

"इकडं बघा," बाई म्हणाल्या. "इथं."

पडद्यावर काळं-करडं काहीतरी होतं आणि त्याच्या मध्यावर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी उघडझाप करत होतं. बाईंनी कुठलंसं बटण दाबलं आणि आवाज आला. अब्बा हातानं कापूस पिंजायचे तेव्हा धनुकलीची तात अशी वाजायची, जलद, एकसारखी. चाळीस वर्षांनी तो आवाज ऐकला.

"पट्टी चुकली न्हवती मग?" नसरीननं झोपल्या झोपल्या विचारलं.

"पट्टी नाही चुकली. दिवस गेले तरी ती अशीच गडद येते. पाळी जायच्या वेळचं सांगितलं आणि हे सांगायचं माझ्याकडून राहिलं." बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "रडू नका. पोट हललं की मला दिसत नाही."

"पण मी सगळं रोजं धरलं की वो! पानी बी न्हाई घेतलं दिसभर!"

"धरलेत, झालं. ठोका चांगला आहे. आता मात्र रोजा नाही, पाणी भरपूर, आणि तीन महिने जपायचं. वय बघता मी दर पंधरा दिवसांनी बघणार. लगेच गावभर सांगू नका."

बाहेर बाकावर आम्ही बराच वेळ बसलो. ईदच्या दिवशी त्या पट्टीकडं बघून मी नाचायचा बाकी होतो आणि आज सकाळी त्याच पट्टीमुळं मान खाली घालून आलो होतो. दोन्ही वेळा ती तेच सांगत होती. फिकी होती तेव्हा मी तिला हो समजलो. गडद आली तेव्हा आधी लहान हो समजलो, मग नाही. माझ्यासारख्या माणसानं नुसतं शुक्र म्हणत राहावं हे बरं, अर्थ लावायला जाऊ नये.

उरलेल्या पट्ट्या नसरीननं सिस्टरला दिल्या.

घरी अम्मानं आम्हाला गाडीवरून उतरताना बघितलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मी म्हनलं न्हवतं?" मग पदर तोंडाला लावून आत गेली. जरा वेळानं बाहेर येऊन मला बजावलं, "आन् आत्ताच बारक्या गादीला हात लावायचा न्हाय. ध्यानात ठेव. पोर आल्याबिगर गादी न्हाय."

मी खरंच दुकानात जाऊन बसलो होतो, हातात चांगला लांब धाग्याचा कापूस घेऊन. खाली ठेवला.

१२ एप्रिल

रमजान झाल्यावर शव्वालचे सहा रोजे असतात, सक्तीचे नाहीत, पण मी धरतो. आजपासून सुरू केले. आवाज न करता उठलो. नसरीनला झोपू द्यायचं होतं. चहाचं आधण ठेवलं, काल रात्रीची चपाती काढली आणि पाटावर बसलो. एकट्यानं सहरी करायची माझी कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ.

मागून पावलं वाजली. ती आली, दुसरा पाट ओढला, माझ्यासमोर बसली.

"तुला रोजा न्हाय," मी म्हटलं.

"रोजा न्हाय, सोबत हाय," ती म्हणाली. "आन् भूक बी लागलीया."

तिनं माझ्या कपातला चहा घेतला, वर लोणचं मागितलं. मग चपाती चावता चावता तिचा घास थांबला. ती बोटं मोडून महिने मोजू लागली, इंग्रजी महिने एका हातावर, चांदाचे दुसऱ्या हातावर. मी घाबरलो, म्हटलं काही दुखतंय का.

"अवो," ती म्हणाली, "पुढच्या रमजानात पोर अंगावर पीत असंल. मला एक बी रोजा धरता यायचा न्हाय. एक बी न्हाय! सगळाच्या सगळा महिना कजा!"

मी इन्शाअल्लाह म्हटलं. तीन महिने अजून झालेले नाहीत.

"आन् त्ये सगळं रोजं मागनं भरायचं म्हंजी..." तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या ओठाला लोणच्याचं तेल लागलं होतं. "तुमचा आधीच एक महिना झाल्याला असनार. आनिक सगळा महिना सोबतीला उठाल?"

मी म्हटलं, "उठंन."

मग त्या पहाटांबद्दलचं जे कधी बोललो नव्हतो ते तिला सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मग मी उगंच रडायचे की वो."

अजानची वेळ झाली. मी घोटभर पाणी पिऊन थांबलो. ती खात राहिली.